नव्या तोफेची परीक्षा : दख्खनच्या लष्करी इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

मराठवाड्याच्या लष्करी इतिहासात तोफांची मोजदाद पुष्कळ झाली आहे. त्या तोफा वापरापूर्वी कोणी तपासल्या, हे मात्र क्वचितच विचारले जाते. गोरेगावचा परिसर १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच्या राजधानीत फ्रेंच सेनानी रेमंडने तोफा ओतण्याचा कारखाना चालविला. ‘गनफाउंड्री’ हे तेथील वस्तीचे नाव आजही टिकून आहे. १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत रेमंडच्याच पलटणी मराठ्यांविरुद्ध उभ्या होत्या.

ओतीव तोफेचा दोष बाहेरून दिसत नाही. धातू थंड होताना आत पोकळी राहिली, तर एखाद्या बाराला नळी फुटते आणि शत्रूऐवजी आपलाच गोलंदाज मरतो. म्हणून नव्या नळीत नेहमीपेक्षा अधिक दारू ठासून, माणसे दूर ठेवून बार काढायचा आणि नंतर तडा वा फुगवटा शोधायचा, अशी परीक्षेची रीत युरोपात रूढ झाली.

दख्खनमध्ये भरवसा कशावर होता? विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. तिच्यावरील लेखात महंमद बिन हसन रूमी या कारागिराचे नाव आहे, तपासनिसाचे नाही. ओतणाऱ्याची कीर्ती हीच हमी मानली जात असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना घरांपासून दूर ठेवावा, दारू व बाण ठरावीक दिवसांनी बाहेर काढून उन्हात घालावेत, असे बजावले आहे. ही दक्षता मोठीच. परंतु तिचा रोख साठवणीवर आहे.

लंडनच्या बंदूककारांच्या संघास १६३७ मध्ये सनद मिळाली आणि इतरांच्या नळ्या तपासून त्यांवर छाप उमटविण्याचा अधिकार त्यास प्राप्त झाला. तपासणारेही बंदूककारच होते, हे विसरता येत नाही! बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ मध्ये कायद्याने उभे राहिले.

मात्र अशी छाप नसणे म्हणजे कौशल्य नसणे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर हाती लागलेल्या शिंद्यांच्या पितळी तोफांची खुद्द वेलस्लीने मुक्तकंठाने प्रशंसा केली होती.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ५ मध्ये शस्त्रांची निर्मिती, विक्री व दुरुस्ती यांच्या पंक्तीतच त्यांची परीक्षाही परवान्याच्या कक्षेत आणलेली आहे.