रोजाचें व्रत आणि आरोग्य

पनवेल तालुक्यांतील गव्हाणहून दक्षिणेस गेलें म्हणजे चौलचें जुनें बंदर लागतें. इ. स. ९१६ च्या सुमारास तेथें आलेल्या अल् मसूदी या अरब प्रवाशानें सुमारें दहा हजार मुसलमानांची वस्ती नमूद केली आहे. कोकणांत रोजा निदान इतका जुना खरा.

मुसलमानी चांद्रवर्षांत अधिक मास नाहीं. म्हणून रमजान दरवर्षीं सुमारें ११ दिवस अलीकडे सरकतो आणि ३३ वर्षांत सारे ऋतु फिरून येतो. डिसेंबरांत सव्वाबारा तासांचा असणारा येथील रोजा जूनमध्यें साडेचौदा तासांवर जातो. पाणीहि वर्ज्य, एकादशीस चहा तरी चालतो, येथें तोहि नाहीं! तेव्हां डोकें दुखणें ओघानेंच आलें. निरोगी माणसास सहसा अपाय होत नाहीं. उतरलेलें थोडें वजन ईदनंतर बहुधा भरून येतें. सेहरीसाठीं झोंप मात्र मोडते, आणि अस्तमानाच्या सुमारास मन चिडचिडें होतें. इफ्तारच्या पंक्तीस बसतांच तें निवळतें.

मधुमेह्यांची गोष्ट निराळी. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या, १३ देशांतील १२,२४३ रोग्यांच्या पाहणींत रमजानमध्यें रक्तांतील साखर एकाएकी घसरून रोगी अत्यवस्थ होण्याचे प्रसंग कित्येक पटींनीं वाढलेले आढळले. वास्तविक कुराणाच्या दुसऱ्या अध्यायांतच आजाऱ्यास सूट देऊन चुकलेले रोजे पुढें भरून काढण्यास सांगितलें आहे. पण घरचे सारे उपाशी असतां एकट्यानें जेवणें जड जातें. त्या पाहणींतील, इन्सुलिनवांचून ज्यांचें चालत नाहीं अशा रोग्यांपैकीं सुमारें ४३ टक्के लोकांनीं निदान १५ रोजे धरलेच होते.