काट्यानं आणलेली बरोबरी

कळंब-वाशी-भूमची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, तेव्हा टोळीत माणसं किती हे कुणी विचारत नाही. कोयते किती, ते विचारतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा. ट्रकच्या टोळीत वीस हंगाम काढलेलं जोडपं असो की औंदाच लग्न झालेलं, वाटा सारखाच: टोळीचं एकूण टनेज भागिले कोयते. बुडखा जमिनीलगत तोडणं, पाचट साळणं, वाढं छाटून मोळी बांधणं आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणं, हे काय पहिल्या दिवशी जमतं? तरी जुन्या हाताला जास्तीचा रुपया नाही.

ही रीत आली कुठून? कारखानदारीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे: 1950 साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना, पुढं आपल्याकडं ढोकीचा तेरणा कारखाना, आणि 1972 च्या दुष्काळानं रुळवलेली ऊसतोडीची वाट. पण सारख्या वाटणीचं मूळ त्यातून कळत नाही.

एकमेकांच्या शेतात राबायच्या इर्जिक-सावडीतून ही समान वाटणी आली, असं मानायला कुणालाही आवडेल. पण मग त्याच गावचं, त्याच भावकीतलं जोडपं टायरच्या बैलगाडीवर गेलं की ज्याची गाडी त्याचं टनेज कसं होतं? भाईचारा बैल जुंपताच विरतो काय? दुसरं मत मुकादमाकडं बोट दाखवतं: हंगामाआधी दिलेली आगाऊ उचल कोयत्यावर, म्हणून वाटणीही कोयत्यावर. यानं मोजमाप कळतं, बरोबरी कळत नाही. कारण उचल जोडप्याचा दम बघून कमी-जास्त होते.

माझा कौल कारखान्याच्या वजनकाट्याला. काटा वाहन तोलतो, माणूस नाही. बैलगाडी जोडप्याची, म्हणून तिचं वजन जोडप्याचं. ट्रक अख्ख्या टोळीनं भरलेला. त्यात कुणाच्या मोळ्या किती, हे कोण सांगणार? रोज रात्री भांडण्यापेक्षा सारखं वाटून घेतलेलं बरं, असं पहिल्या ट्रकटोळ्यांनी ठरवलं असणार. कागद नाही, पण यापेक्षा सरळ वाट मला तरी दिसत नाही.

सारख्या वाटणीला राखण लागते, ती खाड्याची. दिवस बुडाला की पैसे कापले. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, तरी हिशेब अजून कोयत्याचाच. बाईचा अर्धा वाटा बहुतेक वेळा नवऱ्याच्याच हातात पडतो. आणि पाळीच्या दुखण्यानं ती खोपीतच राहिली, तर खाडा पुऱ्या कोयत्याला लागतो.