होल्डरमधून अंगणात गेलेली वीज

विजेने घरात प्रथम प्रवेश केला तो केवळ दिव्यासाठी. न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटवरचे एडिसनचे वीजकेंद्र 4 सप्टेंबर 1882 रोजी सुरू झाले, आणि त्याच वर्षीच्या नाताळात एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरातील वृक्षावर लाल, पांढरे व निळे असे 80 चिमुकले दिवे लावले. तोवर अशा वृक्षावर मेणबत्त्या जळत. वाळत चाललेल्या फांद्यांवर उघडी ज्योत आणि भोवती मुलांचा घोळका! विजेचे दिवे म्हणजे सुरक्षितपणाच, असे लोकांना वाटले असल्यास नवल नाही.

परंतु ही वीज घ्यावी कोठून? त्या काळच्या बहुतेक घरांत भिंतीवर प्लगाची सोयच नव्हती. तारा दिव्यापर्यंत येत व तेथेच संपत. इस्त्री असो, पंखा असो वा शोभेची माळ असो, दिवा काढून त्याच्याच होल्डरला ती जोडावी लागे. हार्वे हबेल या अमेरिकन कारखानदाराने 1904 मध्ये यावर एक जोडणी शोधून तिचे पेटंट घेतले. तिचा एक भाग होल्डरमध्ये फिरवून बसवायचा आणि दुसरा त्यात खुपसायचा. अमेरिकेतील प्लगाचा जन्म असा दिव्याच्या होल्डरमध्ये झाला.

माळेची रचना मात्र फसवी होती. सुमारे 120 व्होल्टच्या विजेवर 15 व्होल्टचे आठ दिवे एकापुढे एक ओवलेले असत. एक जळाला की सारे विझत. माळ अंधारली म्हणजे ती निर्जीव झाली, असे पाहणाऱ्यास वाटे. प्रत्यक्षात जळका दिवा काढलेल्या त्या रिकाम्या घरात पुरा 120 व्होल्टचा दाब उभा असे. दिवा लहान म्हणून वीजही लहान, हा समज आजही गेलेला नाही.

24 डिसेंबर 1923 रोजी वॉशिंग्टन येथे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी उघड्या मैदानातील वृक्षावरचे 2,500 दिवे उजळले. घराबाहेरच्या रोषणाईला पाऊस, दव आणि ओली जमीन यांचा संग घडतो. तेथे फ्यूज माणसाला वाचवीत नाही. 5 अँपिअरचा फ्यूज असतो तो तारांनी पेट घेऊ नये म्हणून. माणसाचा जीव घेण्यास त्याच्या शंभराव्या भागाइतका प्रवाहही पुरू शकतो. शिवाय होल्डरला टोके दोनच. जमिनीशी जोडणारी तिसरी तार तेथे नसते. जाणारा व परतणारा प्रवाह ताडून पाहून, किंचित फरक पडताच वीज तोडणारे साधन कॅलिफोर्नियातील प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी 1961 मध्ये सिद्ध केले. अमेरिकेत नव्या घरांच्या बाहेरील प्लगांना ते 1973 पासून आवश्यक ठरले.

गोव्यात डिसेंबर आला की ओसरीपुढे कागदी तारा टांगला जातो, आणि त्याची तार पुष्कळदा ओसरीवरच्या होल्डरकडेच जाते. आतला एल.ई.डी. दिवा मोजक्या वॅटचा. त्याचा भार होल्डरला मुळीच जड नाही; धोका आहे तो 230 व्होल्ट दवात नेण्याचा. दाब उतरवणारे खात्रीचे रोहित्र छपराखाली कोरड्यात ठेवून 12 किंवा 24 व्होल्टचीच तार बाहेर काढली, तर तो धोका जवळजवळ उरत नाही. जोडणी करताना बटन बंद केले एवढ्यावर विसंबू नये, मेन स्विचच बंद करावा. कारण बटन चुकीच्या तारेवर बसवलेले असले, तर दिवा विझतो पण होल्डर जिवंतच राहतो.