घोडी (बैलगाडा शर्यतीतील)

उत्तर पुणे जिल्ह्यातील बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे स्वारासह धावणारी घोडी. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर आणि मावळ या तालुक्यांत ग्रामदैवतांच्या यात्रांना अशा शर्यती भरतात. शिरूर शहराला लोक आजही घोडनदी म्हणतात. ज्या घोड नदीवरून हे नाव पडले, तिच्याच काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे उत्खनन केले. शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबतचा मातीचा बैल हा त्यातला सर्वांत गाजलेला ठेवा. या मुलखाचे बैलाशी असलेले नाते किती जुने आहे, हे त्यावरून कळते.

शर्यतीच्या चढत्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि एका गाड्याच्या धावेला बारी. दक्षिण महाराष्ट्रातील छकड्यावर हाकणारा बसतो. इथल्या हलक्या गाड्यावर मात्र कोणीच नसते. बैलांच्या दोन जोड्या एकामागे एक जुंपतात, माणसे त्यांना धरून ठेवतात आणि इशारा होताच सोडून बाजूला होतात. हाकणारा नसल्यामुळे बैलांना दिशा दाखवायचे काम घोडीकडे येते. स्वाराने फार पुढे जाऊन चालत नाही, कारण मग बैलांचे लक्ष सुटते. मागे रेंगाळले, तर चार खिलार बैल अंगावर येतात. बारी काही सेकंदांत संपते आणि तेवढ्यात हे अंतर राखायचे असते. घाटातले सर्वांत अवघड काम स्वाराचेच. तरीही घड्याळ लावतात ते गाड्याला आणि गुलाल उधळतात तो बैलांवर. मुंबईत महालक्ष्मीला १९४३ पासून होणाऱ्या इंडियन डर्बी या घोड्यांच्या शर्यतीत नाव होते ते घोड्याचे. इथे घोडी नाव कमावते ते बैलांसाठी.

  

केंद्राच्या ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने बैलाचा समावेश प्रदर्शनास व प्रशिक्षणास मनाई असलेल्या प्राण्यांत झाला. त्या यादीत घोडा नव्हता. पण ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यतींवर बंदी येऊन बैल थांबले आणि घोडीचेही घाटातले काम गेले. शर्यतींना मुभा देण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली, घाट पुन्हा भरू लागले आणि बैलांपुढे घोडी परतली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली.