माजी सैनिकाचा उद्योग, सरकारी कंत्राट आणि एक दाखला

लष्करी सेवेत कायमची इजा झालेल्या सैनिकाला सरकारकडून भरपाई मिळते, उपचार मिळतात. मात्र त्याने स्वतःच्या हिमतीवर उद्योग उभारला, तर त्याच्याकडून माल व सेवा घेणार कोण? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८९ पासून या प्रश्नाला दिलेले उत्तर सरळ आहे : सरकारने स्वतःच त्याचे ग्राहक व्हावे. राज्यातील खाती वर्षभरात जी कंत्राटे देतात, त्यांच्या एकूण मूल्यापैकी किमान तीन टक्के वाटा अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या उद्योगांना मिळावा, असे उद्दिष्ट कायद्याने ठरवून दिले आहे. हे आरक्षण नव्हे. मात्र या तीन टक्क्यांत मोजले जायचे, तर उद्योगाकडे राज्य सरकारचा दाखला असणे अनिवार्य आहे.

मूळ कायद्यात अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी १५ टक्के आणि महिलांच्या उद्योगांसाठी पाच टक्के अशी उद्दिष्टेही होती. वंश व लिंग यांच्या आधारे सरकारी कंत्राटांत प्राधान्य देण्यास राज्यातील मतदारांनी १९९६ च्या जनमत कौलात मनाई केली. पुढील वर्षी संघराज्याच्या अपील न्यायालयानेही या दोन तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. सैनिकांसाठीचे उद्दिष्ट मात्र टिकले, कारण त्याचा आधार जन्म नसून सेवा हा आहे.

दाखला कोणाला मिळतो?

दाखला देण्याचे काम राज्याच्या सामान्य सेवा विभागाकडे आहे. अर्जदार अमेरिकेच्या सैन्यदलांतील माजी सैनिक असावा, कॅलिफोर्नियाचा रहिवासी असावा आणि सेवेमुळे आलेले त्याचे अपंगत्व किमान १० टक्के असावे. ही टक्केवारी राज्य सरकार ठरवीत नाही. केंद्रीय यंत्रणेचे अधिकृत पत्र त्यासाठी ग्राह्य धरले जाते. उद्योगाची किमान ५१ टक्के मालकी अशा एका किंवा अनेक सैनिकांची असावी लागते. दैनंदिन कारभार व नियंत्रणही अशाच सैनिकांच्या हाती असावे लागते; मात्र कारभार पाहणारा सैनिक आणि मालक सैनिक एकच असावेत, अशी सक्ती नाही. उद्योगाचे मुख्य कार्यालय अमेरिकेतच असले पाहिजे.

नावापुरता मालक चालत नाही

मालकी आणि नियंत्रण यांची वेगवेगळी चौकशी होते, यामागे कारण आहे. बड्या कंत्राटदाराला निविदेत अशा उद्योगाचा समावेश केल्याचा फायदा मिळतो. मूल्यमापनाच्या वेळी एक ते पाच टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. साहजिकच सैनिकाचे केवळ नाव पुढे करून काम दुसऱ्यानेच करण्याचा मोह होतो. म्हणून सैनिकाच्या उद्योगाने कामाचा निश्चित भाग प्रत्यक्ष पार पाडला पाहिजे, असे कायदा सांगतो. फक्त बिले इकडून तिकडे फिरविणारा मध्यस्थ त्यात बसत नाही. यंत्रसामग्री भाड्याने देणाऱ्या उद्योगाला तर त्या सामग्रीतील किमान ५१ टक्के मालकी सैनिकाचीच असल्याचे दाखवावे लागते. खोटी माहिती देऊन दाखला मिळविणे हा गुन्हा आहे. त्यासाठी दंडाबरोबरच सरकारी कामांतून बंदीही होऊ शकते.

पैसे पोहोचले का?

निविदेत नाव आले म्हणजे पैसे हाती आले, असे नाही. काम मिळाल्यानंतर सैनिकाच्या उद्योगाला परस्पर वगळले जाऊ नये, यासाठी बदल करायचा असल्यास मुख्य कंत्राटदाराला सरकारची मंजुरी घ्यावी लागते. काम संपल्यावर कोणाला किती रक्कम दिली, हेही त्याला लेखी प्रमाणित करावे लागते. २०२० मध्ये संमत झालेल्या कायद्याने हा नियम अधिक कडक केला. हे प्रमाणपत्र सादर होईपर्यंत अखेरच्या देयकातील १० हजार डॉलर सरकारने रोखून धरावेत, अशी तरतूद त्यात आहे.

ही कडक भूमिका अनाठायी नव्हती. राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात सामान्य सेवा विभाग आणि माजी सैनिक कल्याण विभाग या दोन्हींवर ठपका ठेवला होता. उद्योगांचा सहभाग पुरेसा वाढविण्यात आणि योजनेचे यश अचूक मोजण्यात हे विभाग कमी पडले, असा तो निष्कर्ष होता.

केंद्राचा दाखला वेगळा

अमेरिकेच्या केंद्र सरकारची स्वतंत्र योजना आहे. तेथे लघुउद्योग प्रशासन जानेवारी २०२३ पासून दाखले देते. केंद्राचे उद्दिष्टही पूर्वी तीन टक्के होते. ते नंतर पाच टक्के करण्यात आले. केंद्राच्या दाखल्यासाठी अपंगत्व सेवेमुळे आल्याची नोंद पुरते. १० टक्क्यांची अट नाही. न्यूयॉर्क राज्याने २०१४ मध्ये स्वतःचा कायदा करून सहा टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले. त्यामुळे एका योजनेत पात्र ठरलेला सैनिक दुसऱ्या योजनेत आपोआप पात्र ठरतोच, असे नाही.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात कुटुंबाचाही विचार आहे. मालक सैनिकाचा मृत्यू झाल्यास आणि उद्योग पत्नी, पती किंवा अपत्याकडे गेल्यास दाखला कमाल तीन वर्षे कायम राहू शकतो. हातातील कामे त्यामुळे अर्धवट राहत नाहीत आणि व्यवसायाची घडी बसविण्यास कुटुंबाला अवधी मिळतो. मात्र योजनेची खरी कसोटी एकच आहे : सरकारी तिजोरीतून निघालेली रक्कम अखेर त्या सैनिकाच्या उद्योगाच्या खात्यात जमा होते की नाही.