लवणतामापन, सागरी मत्स्यालयातील

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण मोजणे आणि ते मोजणारे उपकरण खरे बोलत आहे याची खात्री ठेवणे. सागरजलाच्या एका किलोग्रॅममध्ये सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात; प्रवाळांच्या टाकीत हाच आकडा धरतात. मासे शरीरातील क्षारांचे नियमन स्वतः करतात, त्यामुळे थोडा फरक सोसतात. प्रवाळ, समुद्रपुष्पे व सागरी अर्चिन यांना ती सोय नाही. मापनातली चूक सर्वांत आधी त्यांना भोवते.

टाकीतले पाणी वाफ होऊन जाते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची तूट क्षारमुक्त गोड्या पाण्यानेच भरतात. कोकण किनाऱ्यावरून समुद्राचे पाणी आणणाऱ्याने पावसाळ्यात विशेष जपावे: नद्यांच्या पुरामुळे खाड्यांच्या मुखाशी लवणता बरीच उतरलेली असते.

मिठागरात खाऱ्या पाण्याचा दाटपणा बोमे अंशांत मोजतात. २५ अंशांच्या सुमारास मीठ धरू लागते. मत्स्यालयातील हायड्रोमीटर दाटपणा मोजण्याच्या त्याच तत्त्वावर चालतो. २५° से. तापमानाला ३५ लवणतेच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६४ असते. झुलत्या काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरवर बुडबुडे चिकटले की काटा वर उचलला जातो व पाणी आहे त्याहून खारट भासते. सुकलेल्या मिठाचा थर वजन वाढवून उलट चूक करतो. असे उपकरण दर वापरानंतर गोड्या पाण्याने धुवावे. तरीही एकट्या त्याच्या भरवशावर प्रवाळ ठेवू नयेत.

रिफ्रॅक्टोमीटर थेंबभर पाण्यातून प्रकाश किती वाकतो ते पाहतो. बहुतेक जण शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवतात आणि निर्धास्त होतात. हीच मोठी चूक आहे. शून्यापाशी बिनचूक असलेली पट्टी ३५ पाशी चुकलेली असू शकते. शिवाय अनेक स्वस्त उपकरणांची पट्टी साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असते. तिच्यावर ३५ लवणतेचे सागरजल सुमारे ३६.५ दाखवते. अशा पट्टीवर ३५ राखणाऱ्याच्या टाकीत प्रत्यक्षात ३३.५ च असते. अंशशोधन नेहमी ३५ च्या प्रमाण द्रावाने करावे. सागरजलाची पट्टी असल्यास तो घरीही बनतो: ३६.५ ग्रॅम शुद्ध, कोरडे मीठ व ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी. थेंब टाकल्यावर पाणी व काच एका तापमानाला येईपर्यंत थांबावे.

संवाहकतामापक ३५ लवणतेला, २५° से. तापमानाला, सुमारे ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर दाखवतो. दर अंशाला वाचन सुमारे दोन टक्के बदलते, म्हणून तापमान-सुधारणा अत्यावश्यक. वरील घरगुती द्राव येथे चालत नाही, कारण प्रकाश वाकवणे आणि वीज वाहणे हे दोन वेगळे गुणधर्म आहेत.

प्रमाण द्रावाची बाटली घट्ट बंद ठेवावी लागते. झाकण सैल राहिले की त्यातले पाणीही उडते, द्राव दाटतो आणि त्यावर जुळवलेले उपकरण लवणता कमी दाखवू लागते.