दया आधी की पश्चात्ताप आधी?

तारापूर, केळवे-माहीम, वसई ही नावे उच्चारली की आपल्याला 1739 ची चिमाजी अप्पांची मोहीम आठवते. तारापुरास पडलेले बाजी भिवराव आठवतात. त्यापूर्वी पावणेदोनशे-दोनशे वर्षे या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांच्या गलबतांतून तोफांबरोबर ख्रिस्ती धर्मातला एक जुना वादही इकडे आला. आज आपण त्या वादाचा विचार करू.

पाप्याला दया दाखवावी, पण पापाला मान्यता देऊ नये, येथवर सर्व पक्षांचे एकमत आहे. भांडण आहे ते क्रमाचे. आधी पश्चात्ताप आणि मग दया, की आधी दया आणि मग पश्चात्ताप?

योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचाराच्या आरोपाखाली धरून आणलेल्या स्त्रीची गोष्ट आहे. तिला दगडांनी मारावे म्हणणारे एकेक करून निघून जातात. येशू तिला दोषी ठरवीत नाही आणि त्यानंतर पुन्हा पाप न करण्याविषयी बजावतो. आधी अभय, मग बजावणी. ही गोष्ट सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आढळत नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टिन याने त्याचे कारण असे दिले की, आपल्या बायकांना पापाची मोकळीक मिळेल या भीतीने काही अल्पश्रद्ध लोकांनी ती आपल्या पोथ्यांतून काढून टाकली. आजचे बहुतेक अभ्यासक ती मागाहून जोडली गेली असे मानतात. ते काही असो. दयेने शिस्त ढिली पडेल ही भीती किती जुनी आहे, हे ऑगस्टिनच्या उद्गारावरून कळते.

पोर्तुगीजांनी या दोन्ही बाजू येथे आणल्या. 1498 साली लिस्बन येथे ‘मिझेरिकॉर्डिया’, म्हणजे ‘दया’, या नावाचा एक बंधुसंघ निघाला. गोवा, वसई इत्यादी शहरांत त्याच्या शाखा झाल्या. भुकेल्यास अन्न देणे, कैद्यांची विचारपूस करणे, बेवारस प्रेत पुरणे ही त्याची कामे. फाशी जाणाऱ्या गुन्हेगाराला वधस्तंभापर्यंत सोबत करणे हेही त्याचेच काम. त्याचा गुन्हा खोटा होता असे हे बंधू म्हणत नसत. तो एकटा जाऊ नये, एवढेच पाहत. दया आणि मान्यता यांतला भेद याहून स्पष्ट करून दाखविणे कठीण आहे.

दुसरी बाजू म्हणजे 1560 मध्ये गोव्यात स्थापन झालेले इंक्विझिशन. त्याच्या निशाणावरही ‘न्याय आणि दया’ हेच शब्द होते. चित्रातल्या संताच्या एका हातात तलवार व दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी. देलाँ नावाच्या फ्रेंच वैद्याला धर्मविरोधी बोलल्याबद्दल 1673 साली दमणला अटक झाली व पुढे वसईच्या तुरुंगातून गोव्यास नेण्यात आले. 1676 च्या जानेवारीत त्याला शिक्षा सुनावली गेली. आपली हकीकत त्याने 1687 साली छापली. या न्यायालयातही दया होती, पण ती कबुलीजबाबानंतर. आणि कोणता आरोप कबूल करावयाचा हे कैद्याला सांगितले जात नसे! दयेला अट घातली की अट घालणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता येते, ते येथे दिसते.

पुढे दोन शतकांनी हाच प्रश्न पंडिता रमाबाईंपुढे उभा राहिला. 1883 साली इंग्लंडात, फुलहॅम येथे, पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना वाँटेजच्या भगिनी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. या बायकांसाठी एवढे का करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखविण्यात आली. पुढे केडगावला मुक्तिसदनाच्या जोडीने अशा स्त्रियांसाठी रमाबाईंनी कृपासदन काढले. त्यांची नीतीविषयीची मते मुळीच सैल नव्हती. तरी दार आधी उघडले. ही बुद्धी एका धर्माचीच होती असेही नाही. जोतीराव फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवेचा न्याय करीत न बसता त्यांनी तिला बाळंतपणासाठी जागा दिली.

वाद संपलेला नाही. 18 डिसेंबर 2023 रोजी पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने व्हॅटिकनने एक पत्रक काढले. विवाहाविषयीची शिकवण न बदलता, चर्चच्या दृष्टीने नियमाबाहेर असलेल्या जोडप्यांनाही साधा आशीर्वाद देता येईल, असे त्यात होते. आफ्रिकेतील बहुतेक बिशपांनी आपल्याकडे तसे आशीर्वाद देण्यास नकार दिला. लोक आशीर्वादाला मान्यता समजतील, ही त्यांची अडचण. ऑगस्टिनने सांगितलेलीच भीती ही!

ती भीती आम्ही खोटी म्हणत नाही. नियम सुटला की त्याचा पहिला तडाखा बहुधा दुबळ्यांनाच बसतो. तरीही इतिहास चाळताना आम्हांला असे दिसते की, दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडून आधी कबुली मागणाऱ्यांनी भय पुष्कळ मिळविले, पश्चात्ताप थोडा. ज्यांनी आधी पाणी दिले, त्यांना निदान पुढचे बोलण्याचा अधिकार मिळाला.